मॉलिक्युलर मॉडेल किट: अल्केन, अल्कीन, पॉलिमर शिकवायचं असेल तर घ्याच, पण घेताना हे बघून घ्या

आधी निकाल सांगते. ज्यांच्या घरी दहावी ते बारावीचं सायन्सचं पोर आहे किंवा जे माझ्यासारखे घरी ट्यूशन घेतात, त्यांनी हे गोळे आणि काड्यांचं मॉडेल किट नक्की घ्यावं. ऑनलाइन सातशे-आठशेच्या आसपास मिळतं, मोठा ब्रँड वगैरे काही नाही, आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या (कार्बनच्या संयुगांच्या) सुरुवातीला जे कळत नाही म्हणून पोरं नुसतं पाठ करत सुटतात ते यात समोर दिसतं. पाचपैकी चार स्टार. एक स्टार का कापला ते खाली सविस्तर लिहिलंय, कारण बाकीचे रिव्ह्यू वाचले तर सगळे डिलिव्हरी आणि पॅकिंगवरच आहेत, किटने शिकवता काय येतं आणि काय येत नाही हे कुणी लिहिलेलंच नाही.

डब्यात काय येतं ते आधी. कप्पे असलेला पारदर्शक डबा, त्यात कार्बनचे काळे गोळे २४, हायड्रोजनचे पांढरे ४०, ऑक्सिजनचे लाल १२, नायट्रोजनचे निळे ६, क्लोरिनचे हिरवे ८ आणि सल्फरचे थोडे पिवळे. आखूड कडक काड्या ६०, लांब वाकणाऱ्या काड्या ३६, आणि अडकलेली काडी उपसायला एक छोटं प्लास्टिकचं हत्यार. कार्बनला चार भोकं, हायड्रोजनला एक, ऑक्सिजनला दोन. म्हणजे संयुजा (अणू किती बंध करू शकतो ते) भोकांवरूनच कळते, वेगळी सांगावी लागत नाही. दहावीचा मुलगा स्वतःच गोळा फिरवून म्हणतो मॅडम याला चारच जागा आहेत, बस, तिथे अर्धा धडा झाला.

हे रंग कुणी ठरवले हा प्रश्न हमखास येतो, तर ते आजचे नाहीत. १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हॉफमान नावाच्या जर्मन केमिस्टने एक लेक्चर दिलं, त्यात त्याने क्रोकेट खेळायचे लाकडी चेंडू रंगवून, त्यात दांड्या घालून रेणू दाखवले होते. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरिन हिरवा. तेच रंग आज सांगलीत माझ्या टेबलावर आहेत, मला याचं फार अप्रूप वाटतं. पण हॉफमानचा मिथेन सपाट होता बरं का, मधे कार्बन आणि चार बाजूंना चार हायड्रोजन, अगदी आपण वहीत काढतो तसाच. तोपर्यंत रेणूला खोली असते असा विचारच रुळलेला नव्हता. तो विचार १८७४ मध्ये आला, नेदरलँड्सचा फान्ट हॉफ, तेव्हा वय अवघं २२, आणि फ्रान्सचा ल बेल, दोघांनी वेगवेगळं काम करून एकाच वर्षी सांगितलं की कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या आकृतीच्या) चार टोकांकडे जातात.

आणि इथेच किटची खरी किंमत कळते. मिथेन बनवा आणि टेबलावर ठेवा. कसाही ठेवा, तीन हायड्रोजनवर बसतो आणि चौथा वर. उलटा करा, परत तसाच. दोन बंधांमधला कोन १०९.५ अंश हा आकडा पोरांनी शंभरदा ऐकलेला असतो पण तो असा फिरवून बघितला की मग विसरत नाहीत. पुढची पायरी याहून भारी आहे. वहीत डायक्लोरोमिथेन काढायला सांगा. कुणी दोन क्लोरिन शेजारी काढतं, कुणी समोरासमोर, आणि वर्गात वाद होतो की ही दोन वेगळी संयुगं आहेत की एकच. आता दोघांनाही आपापलं किटमध्ये बनवायला सांगा, एकावर एक जुळवून बघायला सांगा. एकच निघतं. प्रत्यक्षात डायक्लोरोमिथेन एकच मिळतं आणि सपाट कार्बनने ते समजावताच येत नाही, फान्ट हॉफचा मुद्दा नेमका हाच होता. चतुष्फलक पुस्तकात म्हणून मान्य करणं वेगळं आणि स्वतःच्या हाताने वाद मिटवून मान्य करणं वेगळं.

अल्केनची (सगळे एकेरी बंध असलेली) साखळी बनवताना पोरं पहिल्यांदा गोंधळतात कारण पुस्तकात ती "सरळ साखळी" असते आणि हातात आली की नागमोडी. शिवाय प्रत्येक एकेरी बंध गरागरा फिरतो, त्यामुळे तोच ब्युटेन कधी लांब होतो कधी गुंडाळतो. हे फिरणं समजलं की एक मोठी अडचण जाते, कारण अकरावीतली निम्मी मुलं वाकडा काढलेला ब्युटेन बघून त्याला आयसोमर (अणू तेच पण रेणू वेगळा) म्हणतात. त्यांना सांगायचं, काडी न उपसता नुसतं फिरवून एकाचा दुसरा करता येतो का? येतो, मग तो तोच रेणू. काडी उपसावी लागली तर मग आयसोमर. एवढी एक कसोटी दिली की बाकीचं स्वतः करतात.

पेंटेनचे तिन्ही आयसोमर या किटमध्ये एकाच वेळी बनतात, हिशोब करून बघा, १५ कार्बन आणि ३६ हायड्रोजन लागतात, तेवढे आहेत. तिन्ही शेजारी ठेवा. सगळ्यांत अणू तेवढेच, वजन तेवढंच, पण साधा पेंटेन ३६ अंशांना उकळतो, एक फांदीवाला साधारण २८ ला आणि दोन फांद्यांचा निओपेंटेन ९.५ ला. का? साध्या पेंटेनचे दोन रेणू जवळ आणले की पूर्ण लांबीने एकमेकांना लागून बसतात, निओपेंटेन मात्र गोल, कुठूनही आणा थोडासाच टेकतो, म्हणून एकमेकांना धरून ठेवायला त्यांच्यात जोर कमी. हे फळ्यावर सांगून पटत नाही, दोन मॉडेलं एकमेकांजवळ आणली की लगेच पटतं. त्यासाठी एकाच जातीची दोन-दोन बनवावी लागतात हे लक्षात ठेवा. (ज्यांना अजून रस आहे त्यांच्यासाठी, निओपेंटेन उकळतो लवकर पण गोठतोही लवकर, उणे १७ च्या आसपास, कारण गोल सारखा आकार स्फटिकात छान रचला जातो. साधा पेंटेन गोठायला उणे १३० पर्यंत जावं लागतं.) घरातल्या गॅस सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनच असतात, तेही इथेच बनवून दाखवते म्हणजे अल्केन हे काहीतरी परीक्षेपुरतं प्रकरण वाटत नाही.

आता अल्कीन, म्हणजे दोन कार्बनमध्ये दुहेरी बंध असलेली संयुगं. इथे किट एका बाबतीत फार चांगलं आहे आणि एका बाबतीत सरळ सरळ चुकीचं आहे, दोन्ही सांगते.

चांगलं आधी. ईथीन बनवताना दोन कार्बनमध्ये दोन लांब वाकणाऱ्या काड्या लावायच्या. लावल्या की फिरवून बघा, फिरत नाही. जोर लावला तर काडी निसटेल पण फिरणार नाही. मग २-ब्युटीन बनवा, दोन्ही मिथिल (एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा गट) एका बाजूला आणि दुसऱ्या मॉडेलमध्ये विरुद्ध बाजूंना, सिस आणि ट्रान्स, आणि सांगा आता एकाचा दुसरा करून दाखव. काडी उपसल्याशिवाय होतच नाही. ट्रान्स फॅट हा शब्द आता प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यावर असतो, २०२२ पासून आपल्याकडे त्यावर २ टक्क्यांची मर्यादा आहे, तर त्यातलं ट्रान्स म्हणजे हेच ट्रान्स, हे मुलांना कळलं की डोळे मोठे होतात. तेलाला हायड्रोजन लावून वनस्पती तूप करताना काही दुहेरी बंध सिसचे ट्रान्स होऊन तसेच राहतात, तिथून ते येतं.

चुकीचं काय, तर दुहेरी बंध खरं म्हणजे एकेरीपेक्षा आखूड असतो, एकेरी १५४ पिकोमीटर, दुहेरी १३४. किटमध्ये काडी लांब असल्याने दोन कार्बन उलट लांब जातात. शिवाय दोन्ही काड्या बाहेरून धनुष्यासारख्या वाकतात आणि दोन अगदी सारखे बंध दिसतात, प्रत्यक्षात एक सिग्मा (σ) नावाचा बंध असतो आणि एक पाय (π) नावाचा, आणि पाय बंध कमकुवत म्हणून रिअ‍ॅक्शन तिथे होते. कोनाचंही तेच, गोळ्याची भोकं १०९.५ ची, त्यामुळे ईथीनमध्ये जिथे १२० च्या जवळचा कोन हवा तिथे तो कमी दिसतो. दहावीला हे चालून जातं. अकरावी-बारावीला मात्र शिकवणाऱ्याने तोंडाने सांगायलाच हवं की बाबांनो इथे मॉडेल खोटं बोलतंय. काही महागड्या सेटमध्ये तीन भोकांचे सपाट कार्बन वेगळे येतात आणि पाय बंधासाठी वेगळे तुकडे असतात, बजेट असेल तर तो सेट बघा.

आता ज्यासाठी मी हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहायला बसले ते पॉलिमर. पुस्तकात काय असतं, कंसात सीएचटू सीएचटू, बाहेर बारीक एन (म्हणजे हे किती वेळा), आणि एकवारिक (लहान रेणू) जोडून बहुवारिक (पॉलिमर, लांब साखळी) तयार होते. मुलं एन लिहितात आणि पुढे जातात. त्या एनच्या आत काय घडलं हे कुणाला विचारलं तर सांगता येत नाही. हे करा. किटमधून दहा ईथीन बनवा. वीस कार्बन, चाळीस हायड्रोजन, डब्यातले सगळे पांढरे गोळे बरोब्बर संपतात. आखूड काड्या चाळीस आणि लांब वीस लागतात, त्याही आहेत. दहा मुलांना एकेक द्या. आता प्रत्येकाने दुहेरी बंधातली एक काडी काढायची, दुसरीच्या जागी आखूड घालायची. झालं की प्रत्येकाच्या रेणूला दोन्हीकडे एकेक रिकामं भोक. आणि मग शेजाऱ्याच्या रिकाम्या भोकात आपली काडी. पोरं हातात हात धरून रांग करतात तसे दहा रेणू एका साखळीत येतात. सगळ्या मिळून आखूड काड्या ५९ लागतात, डब्यात ६० आहेत, म्हणजे एकही हरवून चालणार नाही!

साखळी झाल्यावर तीन गोष्टी आपोआप निघतात. एक, अणू एकही बाहेर पडला नाही, म्हणून याला अ‍ॅडिशन पॉलिमर म्हणतात. दोन, आता दुहेरी बंध एकही नाही, म्हणजे अल्कीनपासून बनलेलं पॉलिथिन स्वतः अल्केनसारखं झालं, संपृक्त, म्हणून ते कशाशी सहज रिअ‍ॅक्शन करत नाही, आणि म्हणूनच कचऱ्यात पडलं की वर्षानुवर्षं तसंच राहतं. कुजत का नाही याचं मोठं कारण मुलांच्या हातात आहे. तीन, साखळीच्या दोन टोकांना दोन भोकं रिकामी राहतात आणि भरायला हायड्रोजन उरलेला नाही. यावर एका मुलीने विचारलं मॅडम टोकाला काय असतं मग? पुस्तकातल्या एनने हा प्रश्न कधीच पडू दिला नसता. टोकाला सुरुवात करून देणाऱ्या इनिशिएटरचा तुकडा असतो किंवा कुठून तरी मिळालेला हायड्रोजन, आणि खऱ्या साखळीत हजारो एकक असल्याने टोकांचा हिशोब सहसा कुणी करत नाही.

याला जोडून इतिहास सांगितला तर तास रंगतो. १९३३ च्या मार्चमध्ये इंग्लंडात चेशायरमधल्या विनिंग्टनला आयसीआय कंपनीचे फॉसेट आणि गिब्सन प्रचंड दाबाखाली ईथीनची बेंझाल्डिहाइडशी रिअ‍ॅक्शन करू बघत होते, ती झाली नाही, भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला, ते पॉलिथिन. नंतर पुन्हा केलं तर जमेना, कारण नकळत शिरलेला किंचित ऑक्सिजन ते घडवून आणत होता. १९३५ मध्ये ते नीट हाती लागलं आणि दुसऱ्या महायुद्धात रडारच्या केबलवर इन्सुलेशन म्हणून वापरलं गेलं. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल त्सिगलरने कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) वापरून कमी दाबात पॉलिथिन केलं, ते फांद्या नसलेलं, कडक.

फांद्यांचा फरकही किटवर दाखवता येतो, म्हणजे साखळी थोडी लहान करायची आणि उरलेल्या कार्बनची एक-दोन ठिकाणी फांदी लावायची. दोन बिनफांद्यांच्या साखळ्या शेजारी ठेवल्या की लागून बसतात, फांदीवाल्या बसत नाहीत, मधे जागा राहते. पहिलं एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिन), घट्ट, कडक, तेलाचे कॅन त्याचे. दुसरं एलडीपीई (कमी घनतेचं), मऊ, पातळ पिशव्यांचं. पेंटेनला जे बघितलं तेच परत इथे, फक्त मोठ्या प्रमाणावर. हा धागा मुलांना स्वतःहून दिसतो तेव्हा शिकवणाऱ्याला जे वाटतं ते लिहून सांगता येणार नाही.

प्रोपीनची सहा एककंही जुळतात. त्यात मिथिल सगळे एका बाजूला लावा, मग तेच कसेही, उलटसुलट लावून बघा. एका बाजूलावालं कडक पॉलिप्रोपिलीन, खुर्च्या आणि डबे ज्याचे होतात ते, उलटसुलटवालं मऊ चिकट. हे इटलीच्या नात्ताने १९५४ मध्ये केलं, त्सिगलर आणि नात्ता दोघांना १९६३ चं नोबेल. वहीत सपाट काढलं तर "एका बाजूला" म्हणजे काय हेच कळत नाही.

आणि हे सगळं कुठे लांब घडतं असं नाही. १९७४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र सापडलं, तिथला गॅस समुद्रातून उरणला येतो, आणि त्यातून वेगळे काढलेले ईथेन-प्रोपेन वापरायला रायगडात नागोठण्याला पेट्रोकेमिकल कारखाना उभा राहिला. तिथे ईथेन ८०० अंशांच्या वर तापवून ईथीन करतात आणि ईथीनचं पॉलिथिन. किटवर करा, ईथेन घ्या, दोन्ही कार्बनचा एकेक हायड्रोजन काढा, आखूड काडीच्या जागी दोन लांब काड्या, झालं ईथीन, आणि निघालेले दोन पांढरे गोळे एकमेकांना जोडले की हायड्रोजन वायू. मुंबईला जाताना पनवेल-गोवा रस्त्याने गेलेली मुलं असतात वर्गात, त्यांना लगेच आठवतं. आंबे-केळी पिकवायला जो गॅस वापरतात तोही हाच ईथीन, फळ स्वतःही तो तयार करतं. कार्बाइडला बंदी आहे, ईथीनला ठराविक प्रमाणात परवानगी आहे, आणि कार्बाइडमधून निघतो तो अ‍ॅसिटिलीन, तिहेरी बंधवाला, तोही तीन लांब काड्यांनी लगेच बनतो.

अजून एक करून बघा, किटच्याच काड्या पाण्यात टाका. माझ्या सेटच्या वाकणाऱ्या काड्या तरंगल्या आणि वाकवलेल्या जागी पांढऱ्या पडल्या, म्हणजे पॉलिथिन-पॉलिप्रोपिलीनच्या घरातलं प्लास्टिक. गोळे बुडाले, ते दुसरंच काहीतरी. बाटलीचं पीईटी बुडतं, तिचं झाकण तरंगतं, हा प्रयोग फुकटचा आहे आणि प्लास्टिक वेगळं कसं करतात ते त्यातून कळतं.

आता तक्रारी. पहिली, भोकांचं माप एकसारखं नाही. काही हायड्रोजन इतके घट्ट बसतात की उपसताना काडी आत मोडते, आणि मोडलेला तुकडा त्या हत्याराने निघत नाही, तो गोळा वाया जातो. काही इतके सैल की साखळी उचलली की गळतात. दुसरी, सोबतचा कागद निव्वळ कामचलाऊ, इंग्रजीत चार रेणूंची चित्रं, मराठी मीडियमच्या मुलाला एकट्याला देऊन चालणार नाही, कुणीतरी सोबत बसावंच लागतं. तिसरी आणि मोठी, सुट्टे गोळे मिळत नाहीत. विक्रेत्याला जास्तीचे हायड्रोजन मागितले तर अख्खा नवीन सेट घ्या म्हणाला. अल्केन म्हटलं की हायड्रोजन दुपटीहून जास्त लागणार हे उघड आहे, २४ कार्बनची साखळी करायची तर पन्नास पांढरे गोळे हवेत, आणि सेटमध्ये चाळीस. हे बनवणाऱ्याने कधी ऑरगॅनिक शिकवलेलं दिसत नाही. कापलेला स्टार यासाठीच.

बारावी, जेईई-नीटवाले विचारतील आम्हाला उपयोग काय. कायरॅलिटीसाठी (रेणू आणि त्याचं आरशातलं रूप एकावर एक न जुळणं) हे हवंच. ३-मिथिलहेक्झेन आणि त्याचं आरशातलं रूप दोन्ही एकत्र बनतात, १४ कार्बन, ३२ हायड्रोजन, आणि एकावर एक कितीही जुळवा, जुळत नाहीत. सायक्लोहेक्झेनची खुर्ची, न्यूमन प्रोजेक्शन (बंधाच्या रेषेतून समोरून बघून काढलेलं चित्र), सगळं यात होतं. फक्त ईथेन फिरवताना प्रत्यक्षात थोडा अडथळा असतो तो किटमध्ये जाणवत नाही, ते आलेखावरून शिकवा.

घेताना यादीत हायड्रोजन किती ते पहिलं बघा, चाळीसच्या खाली असेल तर घेऊ नका. मग लांब काड्या किमान वीस आहेत का ते बघा. आणि क्लास मोठा असेल तर एका मोठ्या सेटपेक्षा असे दोन लहान सेट घ्या, दोन्हीचे गोळे एकमेकांत बसतात का ते फोटोवरून कळत नाही म्हणून एकाच विक्रेत्याकडून, एकाच वेळी.